वाफेचे सुख आणि श्वासाचे औषध

मागच्या दिवाळीच्या सुमारास, कापसाची पहिली वेचणी सुरू असताना, एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ माझ्या दवाखान्यात आले. माझे जुने रुग्ण. चाळीस वर्षे विडी ओढून तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती सोडली होती. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार, त्यांना जडलेला होता आणि त्यासाठी मी दोन वेळचा इनहेलर लिहून दिला होता. त्या दिवशी त्यांनी खिशातून मुठीत मावेल असे एक काळे, गुळगुळीत यंत्र काढून माझ्या टेबलावर ठेवले. मुलगा परदेशातून सुटीवर आला होता. बापाच्या छातीसाठी म्हणून त्याने ते आणले होते. “डॉक्टरसाहेब, पोरानं आणून देल्लं. यात तुळस भरायची, ओवा भरायचा. ओढलं का छाती मोकळी वाटते. धूर नाही, राख नाही.”

मी ते यंत्र उलटसुलट करून पाहिले, हसलो, रक्तदाब मोजला आणि त्यांना निरोप दिला. बाहेर रांग मोठी होती. ‘इनहेलर चालू आहे ना?’ हा एक प्रश्न मी विचारला नाही. तो विचारला असता तर पुढचे बरेचसे टळले असते, असे मला आजही वाटते. या लेखाचे निमित्त तेच आहे.

हे यंत्र आहे तरी काय?

याला कोरड्या वनस्पतींचे व्हेपरायझर म्हणतात. ती बॅटरीवर चालणारी एक छोटी भट्टीच असते. तिच्या पोटातील कप्प्यात वाळलेली, भरडलेली पाने भरतात. यंत्र ती साधारण १६० ते २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवते. एवढ्या उष्णतेला पाने पेट घेत नाहीत. मात्र त्यांतील सुगंधी तेले आणि इतर उडून जाणारी द्रव्ये हवेत मिसळतात व मुखनळीवाटे ओढली जातात. विडी-सिगारेटचे पेटते टोक झुरका घेताना ८०० ते ९०० अंशांपर्यंत तापते. त्या मानाने या यंत्रातून कार्बन मोनॉक्साइड आणि डांबरासारखा चिकट अंश कमी निघतो, हे खरे आहे. पण ‘कमी’ म्हणजे ‘मुळीच नाही’ असे नव्हे. जे ओढले जाते ती पाण्याची स्वच्छ वाफ नसते. तीत तेलाचे सूक्ष्म थेंब आणि पानांची धूळ असते.

परदेशांत ही यंत्रे मुख्यतः गांजा ओढण्यासाठी विकली जातात. काही जण त्यात तंबाखूही भरतात. त्यांच्याभोवती पाण्याच्या गाळण्या, काचेच्या नळ्या, जाळ्या, पाने भरडण्याच्या डब्या असा मोठा बाजार उभा राहिला आहे. त्यामुळे तेथील ग्राहक असे यंत्र शोधतो, जे कोणतीही जोड न लावता, आहे तसेच हाती घेतले तरी समाधान देईल. ग्राहक म्हणून त्याचा शोध रास्त आहे. वैद्य म्हणून मला मात्र ‘समाधान’ या शब्दाशीच थोडे थांबावेसे वाटते. छातीला समाधान वाटणे आणि छातीचा आजार आटोक्यात असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मोकळे वाटणे आणि मोकळे होणे

पुदिन्यातील मेन्थॉलचे उदाहरण घ्या. वेदनाशामक बाम, खोकल्याच्या गोळ्या, नाकाशी धरायच्या छोट्या नळ्या या सर्वांत ते असते. मेन्थॉल हुंगताच नाक चोंदलेल्या माणसाला हवा खेळू लागल्यासारखे वाटते. प्रत्यक्ष मोजमाप केले असता नाकातून जाणाऱ्या हवेचा अडथळा मात्र जवळपास तेवढाच आढळतो. मेन्थॉल नाकातील थंडावा जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते आणि मेंदूला ‘थंड हवा आत येते आहे’ असा निरोप जातो. ही फसवणूक सुखद आहे, आणि साध्या सर्दीत ती निरुपद्रवीही आहे. रात्री दोन तास झोप लागली तर तेही काही कमी नाही.

तथापि सीओपीडी किंवा दम्याच्या रुग्णाची गोष्ट वेगळी. तेथे अडथळा नाकात नसून छातीतील बारीक श्वासनलिकांत असतो. त्यांच्या भिंती सुजलेल्या, स्नायू आखडलेले, आत चिकट कफ. तुळशीतील युजेनॉल, ओव्यातील थायमॉल, नीलगिरीतील सिनिऑल या द्रव्यांचा वास घेतल्याने ते आखडलेले स्नायू भरवशाने सैल होतात, असे मानण्यास आधार नाही. उलट उग्र वासाने आणि गरम कणांनी नाजूक श्वासनलिका अधिकच आवळल्या जाऊ शकतात. रुग्णाला वरवर बरे वाटत राहते आणि आत आजार आपल्या गतीने पुढे जात राहतो.

माझ्या रुग्णाचे नेमके हेच झाले. छाती मोकळी वाटते म्हणून त्यांनी इनहेलर आधी दोनाचा एक वेळ केला, मग ‘गरज लागली तर’वर आणला आणि शेवटी बंदच केला. पौषातल्या थंडीत एका पहाटे त्यांना घरच्यांनी उचलून आणले तेव्हा पायांवर सूज होती, ओठ काळसर पडले होते, बोटातील यंत्रावर ऑक्सिजन ८१ दाखवत होता आणि त्यांना एक वाक्य सलग बोलता येत नव्हते. अकरा दिवस रुग्णालयात राहून ते घरी परतले. पूर्वी वेशीपर्यंत सहज चालत जात. आता अंगणातल्या चुलीपाशी जाऊन थांबतात. गेलेले बळ पुरते परत आलेले नाही. मुलगा फोनवर पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, ‘डॉक्टर, माझ्यामुळे झालं का?’ मी त्याला म्हणालो, ‘तुम्ही यंत्र प्रेमानेच आणलेत. औषध थांबले, ते मात्र आपल्या कोणाच्याच लक्षात आले नाही. माझ्याही नाही.’

आपली जुनी परंपरा काय सांगते?

‘पण डॉक्टर, वनौषधींचा धूर घेणे तर आपल्या आयुर्वेदातच आहे,’ असे मला पुष्कळ जण सांगतात. ते खरे आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, औषधी धूमपानाचा विधी दिलेला आहे. पण तो वाचताना आपण अर्धाच वाचतो. त्याच ठिकाणी हा धूर कोणी घेऊ नये याची यादी आहे, तो केव्हा आणि किती घ्यावा याचे नियम आहेत आणि अवेळी वा अति घेतल्यास काय अपाय होतात हेही सांगितले आहे. हातात यंत्र आहे म्हणून वाटेल तेव्हा ओढत राहणे त्या परंपरेतही बसत नाही.

धोत्र्याची हकीकत याहून बोधप्रद आहे. दम्यासाठी धोत्र्याच्या पानांचा धूर ओढण्याची पद्धत आपल्या देशात होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती मद्रासकडून इंग्लंडात गेली आणि पुढे तेथील औषधांच्या दुकानांत ‘दम्याच्या सिगारेटी’ विकल्या जाऊ लागल्या. धोत्र्यातील अट्रोपीनसारखी द्रव्ये श्वासनलिकांचे स्नायू खरोखरच सैल करतात. म्हणजे ही केवळ समजूत नव्हती. अडचण होती ती मात्रेची. एका पानात किती द्रव्य आहे हे दुसऱ्या पानावरून सांगता येत नाही. थोडे जास्त झाले की घसा कोरडा पडतो, छाती धडधडते, लघवी अडते, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. विष तर ते आहेच. मग शास्त्रज्ञांनी अट्रोपीनच्या रेणूत बदल करून इप्राट्रोपियम आणि पुढे टायोट्रोपियम ही औषधे घडवली. ती श्वासातून दिली असता मुख्यतः श्वासनलिकांतच काम करतात आणि रक्तात फार थोडी उतरतात. आज सीओपीडीच्या अनेक रुग्णांच्या इनहेलरमध्ये हीच औषधे असतात. तेव्हा आपल्या आजोबांच्या उशाशी असलेला इनहेलर परंपरेचा शत्रू मुळीच नाही. धोत्र्याचेच तत्त्व मोजून, गाळून, सुरक्षित करून त्यात भरलेले आहे. (ज्यांना प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू आहे त्यांनी ही औषधे घेण्यापूर्वी तसे डॉक्टरांना जरूर सांगावे.)

पोटाला चालते ते फुप्फुसाला चालतेच असे नाही

तुळशीचा काढा प्यायला तर तो जठरात जातो, आतड्यांतून यकृताकडे जातो; वाटेत त्याची छाननी करणारी शरीराची मोठी यंत्रणा आहे. श्वासातून ओढलेली वस्तू थेट फुप्फुसाच्या पातळ पडद्यापाशी पोहोचते. म्हणून ‘खाण्याची वस्तू आहे, मग ओढायला काय हरकत?’ हा युक्तिवाद टिकत नाही.

घरी वाळवलेल्या पानांवर बुरशी धरलेली असू शकते. ती डोळ्यांना दिसेलच असे नाही, आणि यंत्राच्या उष्णतेने तिचे सगळे बीजाणू नष्ट होतात याची हमी नाही. वृद्ध, मधुमेही आणि स्टेरॉइड औषधे घेणाऱ्या रुग्णांना अशी बुरशी फुप्फुसात घातक ठरू शकते. आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट. अडुळसा, निर्गुडी, तुळस ही झाडे आपण शेताच्या बांधावरून तोडून आणतो. त्याच बांधालगत कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी झालेली असते. २०१७ साली अशा फवारणीतून झालेल्या विषबाधेत यवतमाळ जिल्ह्यातील कित्येक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. त्या बांधावरची पाने तापवून त्यांची वाफ छातीत भरून घेणे शहाणपणाचे नाही.

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. भारतात २०१९ च्या इलेक्ट्रॉनिक सिगारेट प्रतिबंधक कायद्याने, एखादा पदार्थ तापवून श्वासावाटे ओढण्यासाठी त्याचे तुषार तयार करणारी विजेवरची साधने, त्यात निकोटिन असो वा नसो, नाव वा आकार कोणताही असो, बंदीखाली आणली आहेत. औषध कायद्याखाली परवाना असलेली उत्पादने तेवढी वगळली आहेत. अशा साधनांचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात यांस पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गांजा बाळगणे तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. परदेशी राहणाऱ्या मुला-नातवंडांना हे आधीच कळवून ठेवलेले बरे. भेट प्रेमाची असली तरी विमानतळावर ती अडचणीची ठरू शकते.

मग वाफारा घ्यावा की नाही?

सर्दीने नाक चोंदले, घसा धरला, तर साध्या पाण्याची वाफ घेण्यास हरकत नाही. तिने विषाणू मरत नाहीत. करोनाच्या काळात तसा प्रचार झाला, तो खरा नव्हता. सर्दी त्यामुळे लवकर बरी होते असेही ठामपणे म्हणता येत नाही. पण ऊब आणि ओलावा यांनी काही काळ बरे वाटते, आणि त्यासाठी लागणारे सारे काही स्वयंपाकघरात असते. त्यात नीलगिरीचे तेल, बाम, कापूर, कॅप्सूल असे काहीही टाकण्याची गरज नाही. वासाने डोळे झोंबतात आणि दम्याच्या रुग्णाला उबळ येऊ शकते. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात. नातवंडे असलेल्या घरात त्याची वडी उघडी ठेवू नये.

वाफेचा खरा धोका भाजण्याचा आहे. दर हिवाळ्यात एखादी तरी आजी मांड्या पोळलेल्या अवस्थेत माझ्याकडे येते. पलंगावर बसून, मांडीत पातेले धरून, डोक्यावरून चादर घेतलेली. खोकल्याची ढास आली आणि पातेले कलंडले. म्हणून एवढे पाळावे:

पाणी उकळल्यावर विस्तव बंद करावा, पातेले उतरवून पाच मिनिटे थांबावे. पसरट बुडाचे पातेले भिंतीलगतच्या स्थिर टेबलावर ठेवावे. मांडीवर, पलंगावर किंवा पेटत्या गॅसवर कधीही नाही. रुग्णाने खुर्चीवर बसावे, तोंड पातेल्यापासून हातभर दूर ठेवावे. डोक्यावर हलका पंचा पुरे. जाड चादर वा घोंगडी नको, अडचणीच्या वेळी ती झटकन बाजूला करता येत नाही. पाच मिनिटांपेक्षा अधिक वेळ घेऊ नये. सोबत घरातील एक जाणते माणूस असावे. हात कापत असतील, चक्कर येत असेल, मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल, तर वाफारा टाळावा. त्याऐवजी कोमट पाणी घोटघोट प्यावे, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत. ओवा तव्यावर किंचित शेकून पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून दुरूनच हुंगला तरी अनेकांना तेवढेच सुख मिळते. दम्याच्या रुग्णाने मात्र तोही जपून हुंगावा, आणि खोकला उठला तर लगेच दूर ठेवावा.

नेब्युलायझरमध्ये मात्र डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाखेरीज काहीही घालू नये. ओव्याचा अर्क, नीलगिरीचे तेल, तुळशीचा रस घालणारी माणसे मी पाहिली आहेत. तेलाचे तुषार फुप्फुसात जाऊन बसले तर त्यातून एक चिवट न्यूमोनिया होतो.

जोड हवीच असेल तर एकच

इनहेलर नीट घेतला जातो का, हे घरातील कोणीतरी पाहणे आवश्यक आहे. दाबायच्या इनहेलरचा फवारा आणि श्वास यांची वेळ जुळवणे वृद्धांना कठीण जाते. निम्मे औषध जिभेवर आणि घशातच राहते. यासाठी स्पेसर नावाची एक साधी, पोकळ, प्लॅस्टिकची नळकांडी मिळते. छातीच्या आजारात जोडसाहित्य म्हणून मी आग्रह धरतो तो केवळ हिचा.

इनहेलर हलवून स्पेसरला जोडावा. श्वास बाहेर सोडावा. ओठ स्पेसरच्या तोंडाभोवती घट्ट मिटावेत. एकच फवारा दाबावा आणि सावकाश, खोल श्वास आत ओढावा. मनात दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखावा. जमत नसेल तर स्पेसरमध्येच चार-पाच संथ श्वास घ्यावेत. दुसरा फवारा असेल तर मिनिटभराने. औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर खळखळून चूळ भरावी, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आठवड्यातून एकदा स्पेसर कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन हवेवर वाळवावा. फडक्याने आतून पुसू नये, पुसल्याने औषध भिंतींना चिकटते. कॅप्सूल टाकून ओढायचे साधन असेल तर मात्र श्वास जोराने आणि खोल ओढावा लागतो. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते, हे दरवेळी सांगावे. गिळणारे अनेक जण मला भेटले आहेत.

आणखी एक विनंती, विशेषतः सुनांना आणि लेकींना. आपल्या भागात कित्येक घरी अजूनही पऱ्हाटी आणि तुराट्या चुलीत जळतात. ज्या आजींनी आयुष्यात विडीला हात लावला नाही, त्यांच्याही छातीत मी सीओपीडी पाहतो; कारण त्यांनी पन्नास वर्षे चुलीचा धूर घेतला आहे. घरी गॅस असेल तर पाणी तापवण्याचे कामही शक्य तो त्यावरच करावे, चूल अंगणात असावी आणि आजारी माणसाचे अंथरूण तिच्या वाऱ्याला नसावे. विडी किंवा खर्रा सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतक्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

आणि कोणतीही वाफ, काढा वा यंत्र हाती न घेता ताबडतोब निघायचे प्रसंग ओळखावेत: एका दमात वाक्य पुरे होत नाही, ओठ वा नखे काळीनिळी पडतात, रुग्ण गोंधळल्यासारखा वागतो किंवा सारखा झोपेत जातो, पायांवर नवी सूज येते, थुंकीत रक्त दिसते, ऑक्सिजन ९० च्या खाली जातो किंवा नेहमीच्या आकड्यापेक्षा एकाएकी उतरतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जवळच्या शासकीय रुग्णालयात, गरज पडल्यास यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती शासकीय केंद्रांत मोफत होते.

ते काळे यंत्र सध्या माझ्या टेबलाच्या खणात आहे. गृहस्थ स्वतःच ते ठेवून गेले. महिन्यातून एकदा ते तपासणीला येतात तेव्हा त्यांची सून स्पेसर पिशवीत घालून आणते आणि माझ्यासमोर त्यांना एक फवारा घ्यायला लावते. मी मनात दहा अंक मोजतो. बाहेर रांग कितीही असली तरी तेवढा वेळ मी आता देतो. आपणही आज घरातल्या वडीलधाऱ्यांना तो एक प्रश्न विचारा: ‘बाबा, औषध नीट चालू आहे ना?’ आणि उत्तर ऐकून न थांबता, त्यांना ते आपल्या डोळ्यांसमोर एकदा घ्यायला सांगा.